प्रत्यारोपण झाले, पुढच्या काळजीचे काय?

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया काही तासांची. औषधे मात्र आयुष्यभराची. टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण घटले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते. वाढले तर त्याच मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून रक्ततपासणी चुकवून चालत नाही. गडचिरोलीच्या मजुराने त्यासाठी दरवेळी मजुरी बुडवून नागपूर गाठायचे का?

२०२० पासून ‘ई-संजीवनी ओपीडी’वर घरबसल्या मोफत सल्ला मिळतो. पण फोनवर रक्त तपासता येत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात नमुना घ्यावा, अहवाल ऑनलाइन थेट प्रत्यारोपण केंद्राकडे जावा, बदललेला डोस रुग्णाला मराठीत कळावा, अशी आमची मागणी आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी आपल्या विहारांतील तरुणांनी पुढे यावे.