तांबें, तूर आणि तिजोरी

संसाराचा जमाखर्च

खांदेश्वरहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र लांब आहे. नांवें गाळावीं अशी त्यांची इच्छा असल्यामुळें सारांश तेवढा देतों.

त्यांचें कुटुंब एकत्र आहे. सासू-सासरे, तिघे बंधु, दोघी सुना व चार मुलें असा परिवार. पूर्वीं ही मंडळी गिरगांवांतल्या एका चाळींत दोन खोल्यांत राहात असे. मामंजी सेवानिवृत्त झाल्यावर खाडीपलीकडे सिडकोच्या नव्या वसाहतींत बिऱ्हाड गेलें. निवृत्तीच्या रकमेपैकीं सहा लक्ष रुपये मामंजींनीं थोरल्या नातीच्या शिक्षणासाठीं वेगळे काढून ठेवले असून ते येत्या जूनमध्यें लागणार आहेत. धाकटे भाऊजी हुशार आहेत, नोकरीहि चांगली आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, जगांत विजेवर चालणाऱ्या मोटारी वाढत आहेत, विजेच्या तारा वाढत आहेत, खाणी मात्र त्या मानानें वाढत नाहींत. म्हणून तांब्याचा भाव चढणार हें उघड आहे. सहा लक्षांचे जूनपूर्वीं नऊ करून देतों, असें ते मामंजींस सांगतात, आणि मामंजी मान डोलावतात. "भाऊजींचें गणित मला खोडतां येत नाहीं, आणि पटतहि नाहीं. मीं काय बोलावें, आणि मुळांत बोलावें कीं नाहीं?" असें ह्या भगिनी विचारतात.

भाऊजींचें अर्धें गणित बरोबर आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. तांब्यावांचून वीज खेळवितां येत नाहीं, आणि नव्या खाणीचा शोध लागल्यापासून तिचें तांबें बाजारांत येईपर्यंत दहा-पंधरा वर्षें सहज जातात. मागणी वाढावी आणि पुरवठा मागें राहावा, हा त्यांचा तर्क पोरकट नाहीं. प्रश्न इतकाच कीं, हा तर्क कोणत्या महिन्यांत खरा ठरेल? तांबें चढेल असें म्हणणें निराळें, आणि जूनपूर्वीं चढेल असें म्हणणें निराळें. पहिलें अभ्यासानें सांगतां येतें. दुसरें सांगणाऱ्याला ज्योतिषीच म्हटलें पाहिजे.

एक जुना दाखला पाहूं. २००८ च्या जुलैमध्यें लंडनच्या बाजारांत तांब्याचा भाव टनास आठ हजार डॉलरांहून अधिक होता. चीनची भूक संपणार नाहीं, असें त्या वेळीं सारे म्हणत, आणि तें खोटेंहि नव्हतें. परंतु त्याच सालीं अमेरिकेंतील पेढ्या कोसळल्या, कारखाने थांबले, आणि डिसेंबरांत तोच भाव तीन हजारांच्या खालीं आला. पुढें २०११ च्या फेब्रुवारींत तो दहा हजारांवर गेला. म्हणजे जुलै २००८ मध्यें ज्यानें तांब्यावर विश्वास ठेवला, तो अखेरीस खराच ठरला! पण उसन्या बळावर घेतलें असेल, तर खरा ठरण्याच्या दोन वर्षें आधींच तो बाजारांतून बाहेर फेंकला गेला असेल.

हें उसनें बळ म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण भाऊजींच्या सहाचे नऊ त्याच्याच जोरावर व्हावयाचे आहेत. मुंबईच्या वायदेबाजारांत तांब्याचा एक लॉट अडीच हजार किलोंचा असतो. हिशेबाच्या सोयीसाठीं भाव किलोस ९०० रुपये धरूं; मग एका लॉटची किंमत साडेबावीस लक्ष रुपये झाली. एवढी रक्कम कोणी भरीत नाहीं. तिचा सुमारें दहावा हिस्सा अनामत ठेवावयाचा, ज्याला बाजारांत मार्जिन म्हणतात; हा हिस्सा बाजाराच्या लहरीप्रमाणें वाढतोहि. सहा लक्ष हातीं असलेला मनुष्य असे दोन लॉट घेईल, म्हणजे पंचेचाळीस लक्षांच्या तांब्याचा धनी होईल. भाव किलोमागें शंभर रुपये चढला तर पांच लक्ष नफा, आणि शंभर उतरला तर पांच लक्ष तोटा. शंभर रुपये म्हणजे नऊशेंचा नववा हिस्सा. इतका चढउतार तांब्यांत एका हंगामांत होणें नवलाचें नाहीं. शिवाय तोटा कागदावर ठेवून वाट पाहण्याची येथें सोय नाहीं. रोज सायंकाळीं हिशेब होतो, कमी पडलेली अनामत दुसऱ्या दिवशीं भरावी लागते, आणि न भरल्यास दलाल सौदा तोडून मोकळा होतो.

अशा जिनसांचे भाव इतके झोकांडे कां खातात, हें गृहिणींस निराळें सांगावयास नको. तूर महागली म्हणून घरांतलीं माणसें वरणभात सोडीत नाहींत. वरण थोडें पातळ होतें इतकेंच. मागणी चटकन कमी होत नाहीं, आणि पुरवठा पुढल्या हंगामावांचून वाढत नाहीं. त्यामुळें थोडीशी तूट पडली तरी भाव पुष्कळ उसळतो. २०१४ व २०१५ ह्या लागोपाठच्या दोन वर्षीं पाऊस अपुरा झाला, आणि २०१५ च्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोस दोनशें रुपयांपर्यंत गेली. तो भाव पाहून पुढल्या खरिपांत शेतकऱ्यांनीं तूर भरपूर पेरली, पाऊसहि मनासारखा झाला, आणि २०१७ च्या आरंभीं पीक इतकें आलें कीं क्विंटलास ५,०५० रुपये हा सरकारी हमीभाव खुल्या बाजारांत मिळेना. मराठवाड्यांत व विदर्भांत खरेदी-केंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या, कित्येक ठिकाणीं बारदान संपून खरेदी थांबली. महागाईनेंच स्वस्ताई आणली. ज्यानें दोनशें रुपयांची डाळ पाहून तूर भरून ठेवली, त्याचें काय झालें असेल तें सांगावयास नको.

धान्याच्या बाबतींत आणखी एक हात असतो, तो सरकारचा. तुरीचा व उडदाचा वायदा जानेवारी २००७ मध्यें बंद करण्यांत आला. २० डिसेंबर २०२१ रोजीं गहूं, हरभरा, सोयाबीन, मोहरी इत्यादि सात जिनसांचे वायदे स्थगित झाले, आणि त्या स्थगितीची मुदत पुढें वेळोवेळीं वाढविण्यांत आली. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजीं उठली, तीहि चाळीस टक्के कर लावून. लासलगांवच्या शेतकऱ्यानें कांदा चाळींत किती कुशलतेनें साठविला, ह्याशीं त्या पांच महिन्यांच्या भावाचा फारसा संबंध उरला नाहीं. शहरांतील गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा आणि खेड्यांतील उत्पादकाला चढा. सरकारला दोघांचींहि मतें हवीं असतात. त्यांत तिसरा, म्हणजे घरीं बसून पैसे लावणारा, कोणाच्याच खिजगणतींत नसतो.

वस्तुतः आमच्या घरांतून वर्षाचें धान्य भरण्याची जी चाल होती, तीच जिनसांतील मूळ गुंतवणूक होय. चैत्र-वैशाखांत गहूं घ्यावा, उन्हें द्यावीं, तुरीला एरंडेल चोळावें, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरावे. भाद्रपदांत भाव चढला तरी घर निर्धास्त. ह्या व्यवहारांत जागा, श्रम आणि किडीचा धोका हीं सारीं गृहिणी सोसते, आणि म्हणूनच बचत तिच्या पदरांत पडते. साठवणीचें मोल कोणी तरी द्यावेंच लागतें. सांगलीजवळ हरिपूर येथें जमिनींत खोल पेवें खणून हळद ठेवीत. हवा आंत जात नसल्यामुळें ती वर्षानुवर्षें किडीवांचून टिकत असे. २००५ च्या कृष्णेच्या महापुराचें पाणी ह्या पेवांत शिरलें आणि मोठा साठा नासला. पेव शाबूत राहिलें तरी भाव शाबूत राहातो असें नाहीं: २०१० मध्यें क्विंटलास पंधरा हजारांच्या आसपास गेलेली हळद २०१२ मध्यें चार हजारांपर्यंत खालीं आली होती.

परंतु साठवणीचा खरा धडा मिळाला तो खनिज तेलांत, आणि तो ज्यांनीं पाहिला ते विसरणार नाहींत. २०२० च्या एप्रिलांत साथीमुळें जगभर व्यवहार बंद होते. मोटारी उभ्या, विमानें उभीं. तेल मात्र विहिरींतून येतच होतें, आणि अमेरिकेंत ओक्लाहोमा संस्थानांतील कशिंग येथील टांक्यांत नवें तेल ठेवावयास जागा मिळेना. आमच्या मुंबईच्या बाजाराची वेळ टाळेबंदीमुळें सायंकाळीं पांचपर्यंतच ठेविली होती. सोमवार, २० एप्रिल हा त्या महिन्याच्या वायद्याचा शेवटचा दिवस. पांच वाजतां भाव पिंपास ९६५ रुपये होता. 'ह्याहून स्वस्त तें काय होणार,' असें म्हणून पुष्कळांनीं सौदे उघडे ठेविले आणि जेवून निजले. त्या रात्रीं न्यूयॉर्कच्या बाजारांत भाव शून्याखालीं गेला, आणि उणे ३७ डॉलर ६३ सेंट येथें थांबला. म्हणजे तेल घेऊन जाणाऱ्यालाच पैसे देण्याची पाळी विकणाऱ्यावर आली! मुंबईचा हिशेब न्यूयॉर्कच्या भावावर होत असल्यामुळें तो उणे २,८८४ रुपयांनीं झाला. एक लॉट शंभर पिंपांचा. ९६५ रुपयांनीं घेणाऱ्याचा पिंपामागें ३,८४९ रुपये, म्हणजे लॉटमागें ३,८४,९०० रुपये तोटा झाला, आणि घेतलेल्या मालाची सारी किंमत मात्र ९६,५०० रुपयेच होती. किंमत शून्यापर्यंत उतरेल, त्यापलीकडे काय जाईल, हा आमचा सर्वांचा समज त्या एका रात्रींत गेला.

ज्या हार्बर मार्गानें ह्या भगिनींच्या घरचीं माणसें रोज मुंबईस ये-जा करीत असतील, तो मार्गच जिनसांच्या व्यापाराचा एक नकाशा आहे. वाशीस कृषि उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजी, फळें, मसाले व धान्य यांचे बाजार. ते पूर्वीं मुंबईंत मशीद बंदर, भायखळा ह्या भागांत होते. शिवडीच्या पुढलें स्थानक कॉटन ग्रीन. तेथें कापसाच्या बाजाराची इमारत आजहि उभी आहे. (न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व मिटत्या भावांच्या आंकड्यांवर पैजा लावण्याचा जो नाद मुंबईस लागला, त्यांतूनच पुढें मटका जन्मला, हेंहि येथें नमूद करूं.) आणि मार्ग संपतो तो किल्ल्याच्या दाराशीं, जेथें १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाचा भाव तिपटीहून अधिक चढला होता आणि शहर वेडें झालें होतें. कापसाचा पैसा कंपन्यांच्या भागांत गेला; बॅक बे भरावाचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांवर पोंचला. युद्ध केव्हां तरी संपणार हें सर्वांसच ठाऊक होतें. कोणत्या दिवशीं, तें कोणासच ठाऊक नव्हतें. १८६५ मध्यें तें संपल्याची वार्ता आली, आणि १ जुलै रोजीं मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हां देणारे दिवाळखोर झाले होते. प्रेमचंद रायचंदांसारखा अग्रगण्य व्यापारीहि त्यांतून सुटला नाहीं.

अलीकडचें उदाहरण ह्याहून घरगुती आहे. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्यें वखारींतील मालाचे सौदे करून वर्षास चौदा-पंधरा टक्के ठराविक मिळकत होईल, असें लोकांस सांगण्यांत येत होतें. ३१ जुलै २०१३ रोजीं व्यवहार थांबले. सुमारें तेरा हजार लोकांचे ५,६०० कोटी रुपये अडकले, आणि वखारी उघडून पाहतां कागदावर लिहिलेला माल बहुतांशीं आढळला नाहीं. त्यांत सटोडियेच होते असें नाहीं. 'माल तारण आहे' ह्या शब्दावर विसंबलेले सेवानिवृत्त गृहस्थहि होते. ह्यानंतर वायदेबाजाराची देखरेख २०१५ च्या सप्टेंबरांत सेबीकडे आली, ही सुधारणा खरी. पण सेबी लबाडीवर नजर ठेवूं शकते, भावावर नाहीं.

वायदेबाजार म्हणजे निव्वळ जुगार, असें मात्र आमचें मत नाहीं. तारांच्या कारखानदारानें तीन महिन्यांनीं माल पुरविण्याचा भाव आज कबूल केला असेल, तर त्यानें तांबें आजच वायद्यानें बांधून घेणें शहाणपणाचें आहे. सोयाबीन पिकविणाऱ्याला पेरतांनाच भाव ठरवितां आला, तर त्याला रात्रीं झोंप लागेल. त्यांच्या अंगावर धोका आधींच असतो, तो ते तेथें उतरवून ठेवतात. भाऊजींच्या अंगावर धोका नाहीं. तो ते दुसऱ्याचा उचलून घरीं आणीत आहेत, आणि ठेवीत आहेत तो पुतणीच्या पैशांत.

आतां भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सूनबाईनें सासऱ्यांपुढें पैशाविषयीं बोलावें काय? अवश्य बोलावें, पैसे एका मुलीचे आहेत आणि घर सर्वांचें आहे. परंतु भाऊजींचा तर्क खोडण्याच्या भरीस पडूं नये. तांबें चढेल कीं नाहीं, ह्यावर घरांत वाद झाला तर वर्तमानपत्रें वाचणारे भाऊजीच जिंकतील. मामंजींच्या समोर शांतपणें एवढेंच म्हणावें: 'भाऊजी, भाव शंभर रुपयांनीं उतरला तर अनामत कोठून भरणार, तें कागदावर लिहून द्या, आणि जूनमध्यें भाव खालीं असेल तर कॉलेजला काय सांगावयाचें तेंहि लिहा.' ज्यांनीं चाळींतल्या दोन खोल्यांत राहून सहा लक्ष जमविले, त्या मामंजींस तो कागद वाचतां येईल. सहा लक्ष मेअखेर मुदत भरेल अशा बेतानें बँकेंत ठेवावे, आणि ठेव मामंजींच्या व नातीच्या नांवें असावी.

भाऊजींचा उत्साह मारूं नये. आपल्या पगारांतून, गेला तर घरांत बोलावें लागणार नाहीं इतकाच पैसा त्यांनीं लावावा. सोनें किंवा रुपें यांचे भाग शेअरबाजारांत पूर्ण रक्कम भरून विकत मिळतात, त्यांत अनामतीचा तगादा नसतो आणि भाव उतरला तर वाट पाहतां येते. वायद्याचा मोह आवरेनाच, तर सहा महिने पैसे न लावतां रोजचा हिशेब वहींत लिहावा, आणि ती वही महिन्याच्या महिन्यास मामंजींस दाखवावी.

वर्षाच्या तांदुळाला पोरकिडा लागतो, अशी तक्रार करणारीं पनवेल व पेण येथील दोन पत्रें आलीं आहेत; त्यांचा विचार पुढील अंकीं.