घोट्याचे तीन जामीनदार

बँकेत कर्ज देताना आम्ही आधी जामीनदार पाहत असू. आपल्या घोट्याच्या बाहेरील बाजूसही निसर्गाने तीन जामीनदार दिले आहेत. नडगीशेजारील बारीक हाडाच्या खालच्या टोकापासून तीन अस्थिबंध निघतात. पुढचा व मागचा सांध्यातील मधल्या हाडाला, तर तिसरा खाली टाचेच्या हाडाला जोडलेला असतो. मागचा सर्वांत बळकट, पुढचा सर्वांत दुबळा. पायरी उतरताना चवडा खाली झुकून तळवा आत वळला, की पहिला ताण या पुढच्यावर येतो. म्हणून बहुधा तोच प्रथम फाटतो.

निवृत्तीपूर्वी शाखेच्या पायरीवर माझा पाय असाच मुरगळला. मार्चअखेर होती, तेल चोळून मी लंगडत कामावर गेलो. सूज उतरली, त्यालाच बरे होणे समजलो. पुढे त्याच घोट्याने दोनदा दगा दिला.

अस्थिबंध सांध्याला केवळ बांधत नाहीत. पाय कोणत्या कोनात आहे, याची वर्दीही मेंदूस देतात. इजेनंतर ही वर्दी मंदावते. म्हणून सूज ओसरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. चार पावलेही टाकवत नसतील, किंवा घोट्याचा उंचवटा दाबल्यावर हाडात दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणीविषयी डॉक्टरांना त्वरित विचारावे.

दिवसातून अनेकदा दुकानाची पायरी चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे: सूज गेली म्हणून खाते बंद झाले, असे समजू नये.