सुटकेनंतरचा पंधरवडा

'तुरुंगाच्या भिंतीआड नशा मिळत नाही, सबब चार महिने आत राहिलेला इसम आपोआपच व्यसनमुक्त होऊन बाहेर पडतो', हा समज सामान्य जनांत तर आहेच, पण गर्दच्या आहारी गेलेल्या आपल्या मुलाला जामीन मिळू नये म्हणून न्यायासनासमोर हात जोडणाऱ्या आईबापांतही तो रूढ आहे. आणि त्यांच्या कळवळ्याविषयी तिळमात्र शंका नसली, तरी याहून प्राणघातक समज क्वचितच असेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्दसारखे अफूवर्गातील पदार्थ नित्य घेणाऱ्याच्या देहात ते सोसण्याची जी शक्ती वाढलेली असते, ती काही आठवडे पदार्थ न मिळाल्यास ओसरते. मनातील ओढ मात्र ओसरत नाही. परिणामी फाटकाबाहेर पडलेला मनुष्य जुनीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,००० हून अधिक कैद्यांचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्रातिरेकाने मृत्यू येण्याचा धोका तेथील इतर रहिवाशांच्या १२९ पट आढळला. मुलगा 'व्यसनमुक्त' होऊन परतेल म्हणून ज्या दिवसासाठी आईबाप देव पाण्यात घालून बसतात, त्याच दिवसापासून हा पंधरवडा सुरू होतो.

यावर कोणी म्हणेल, की नुसती कोंडी पुरेशी नाही, तिला श्रमाची आणि शिस्तीची जोड हवी. तोही प्रयोग होऊन गेला आहे. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली सरकारने व्यसनी कैद्यांसाठी शेतीवाडीसह प्रशस्त रुग्णालय उभारले. मोकळी हवा, अंगमेहनत, तज्ज्ञ वैद्य, कशाचीही वाण नव्हती. तरी तेथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्याच पदार्थाकडे वळले.

दुसरा आक्षेप तुरुंगातच औषधोपचार करण्यावरचा, आणि तो अधिक भारदस्त आहे: ओढ शमविण्यासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देणे म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावणे. ही औषधेही अफूवर्गातीलच आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु दिवसातून चार वेळा चढणारी आणि उतरणारी, 'टर्की'च्या, म्हणजे नशा न मिळाल्याने होणाऱ्या यातनांच्या, धास्तीने माणसाला चोरीपर्यंत नेणारी गर्द, आणि योग्य मात्रेत दिल्यास नशा न चढविता ओढ शमविणारे, माणसाला कामावर जाऊ देणारे औषध, यांना एकाच तागडीत तोलणे हा विवेक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती काही भाबडेपणाने नव्हे.

ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१६ पासून आपल्या तुरुंगांत ही दोन औषधे आणि नाल्ट्रेक्सोन उपलब्ध केली, दाखल होतानाच कैद्याची तपासणी आरंभिली आणि सुटकेनंतर बाहेरच्या दवाखान्यात तोच उपचार अखंड चालू ठेवला. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत मात्रातिरेकाने मेलेल्यांपैकी २६ जण वर्षभरात तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच सहामाहीत असे ९ होते. आकडे लहान आहेत, हे मान्य. पण राज्यातील अशा एकूण मृत्यूंत त्याच अवधीत जेमतेम आठव्या हिश्शाची घट झाली होती, हेही ध्यानात घ्यावे.

गोळी जिभेखाली दडवून बराकीत विकली जाते, ही तुरुंगाधिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. तिचा बंदोबस्त डोळ्यांदेखत मात्रा देऊन करता येतो. उपचारच बंद करणे हा बंदोबस्त नव्हे.

आपल्याकडे कायदा आड येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाच्या ३९ व्या कलमान्वये अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीनाला न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते, आणि दिल्लीच्या तिहार तुरुंगात २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झालेला आहे. पुण्याच्या येरवड्यात तर मध्यवर्ती कारागृह आणि १९८६ साली मनोरुग्णालयाच्या आवारात जन्मलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, दोन्ही एकाच उपनगरात नांदतात. तेव्हा मागणे एवढेच: दारूचे व्यसन असलेला कच्चा कैदी तिसऱ्या दिवशी थरथरू लागला, त्याला भास होऊ लागले, की 'नाटक करतो' म्हणून त्याला दटावण्याऐवजी वैद्याला पाचारण करावे; आणि गर्दच्या रुग्णाची रिहाई होईल त्या दिवशी त्याच्या कपड्यालत्त्यांबरोबर आठवड्याचे औषध, दवाखान्याचा पत्ता आणि तेथे हजर होण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी फाटकावरच त्याच्या हाती पडावी.