पत्ता उजवीकडून वाचा
परवा शेजारच्या काकूंनी मोबाइलवर आलेली लिंक दाखवली: आधी बँकेचं नाव, मग टिंब, मग ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’. “कुलूप दिसतंय ना रे, म्हणजे खरीच असणार,” त्या म्हणाल्या. हा समज घरोघरी आहे आणि तो मोडलाच पाहिजे. एचटीटीपीएसमधला शेवटचा ‘एस’ काय किंवा ते कुलूप काय, एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे भामटाच बसला असेल, तर त्याच्याशी चाललेला संवादही तितकाच गुप्त! ते कुलूप दिसायला लागणारं प्रमाणपत्र आज फुकटात मिळतं. गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पत्तापट्टीतून ते कुलूप काढलं ते उगाच नाही. खरी ओळख डोमेनमध्ये असते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या व्यवस्थेची रचना केली, तेव्हापासून हा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखाच आहे, घर आधी आणि गाव-जिल्हा शेवटी. म्हणून पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबायचं आणि तिथून डावीकडे वाचत जायचं. ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’ ज्याने घेतलं, तो त्याच्या डावीकडे कुठल्याही बँकेचं नाव लावू शकतो, कुणाला न विचारता. रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ फक्त बँकांसाठी राखून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्वांना तिथे यायला सांगितलं, हे फार चांगलं केलं. आता बँकांनी एसएमएसमधून खरं डोमेन झाकणाऱ्या, आखूड केलेल्या लिंक पाठवणं आजच्या आज बंद करावं.