आंबोलीची तांबडी माती

कापसाच्या काळ्या रानात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांची अशी एक पक्की समजूत असते की, जिथे झाडी दाट तिथे जमीन कसदार. आणि हीच समजूत उराशी घेऊन मी प्रथम आंबोलीच्या सदाहरित रानात गेलो असल्यामुळे, काठीने पाचोळ्याचा थर बाजूला सारताच खाली दिसलेली तांबडी, जांभ्याची, धुऊन निघालेली माती पाहून, सरकारी खजिना उघडावा आणि आत रिकामे हंडे दिसावेत, तसे मला झाले.

वस्तुतः दोन्ही मातींचे कूळ एकच. दख्खनचा हा सारा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. परंतु आमच्याकडे वर्षाकाठी जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस आणि आंबोलीला ७,०००च्या आसपास, त्यामुळे इकडच्या चिकणमातीने जो चुना आणि जे पालाश धरून ठेवले ते तिकडे युगानुयुगे वाहून गेले, आणि मागे राहिली ती लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे, जी स्फुरदाला अशी कवटाळून बसतात की मुळांच्या वाट्याला त्याचा कणही सहजी येत नाही.

मग हे अरण्य पोसते कोण? मी काठीने दूर सारला, तोच पाचोळा. पान गळून पडते न पडते तोच बुरशीचे तंतू त्यात शिरतात. लाकडाला काठिण्य देणारे लिग्निन नावाचे चिवट द्रव्य, ज्यापुढे बहुतेक जीवाणू हात टेकतात, ते फोडण्याची विद्या मुख्यत्वे पांढरी कूज करणाऱ्या बुरशींना साधलेली आहे. पुढे जीवाणू नत्र मोकळे करतात, आणि मोकळे झालेले हे द्रव्य पावसाच्या हाती लागण्यापूर्वीच मुळांत बिऱ्हाड थाटून राहिलेली निराळीच एक बुरशी, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंनी ते टिपून झाडाच्या स्वाधीन करते व मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली या सोयरिकीला ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. त्या रानाचे बहुतेक भांडवल असे सदैव फिरतीवर असते. खजिन्यात शिल्लक म्हणावी अशी फारशी नाहीच.

ज्या अळंबीला आपण तुच्छतेने ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो, ती म्हणजे या जमिनीखालच्या कारकुनांनी पावसाळ्यात घटकाभर दप्तराबाहेर काढलेले डोके. त्यांपैकी मायसीनाच्या काही जाती रात्री हिरवट उजळतात, आणि तो उजेड पाहण्यास हौशी मंडळी मोटारी भरभरून सह्याद्रीत जातात, याचा मला आनंदच आहे. फक्त त्यांनी पाचोळा तुडवू नये.

असे रान तोडून जाळले, तर राखेवर एकदोन हंगाम पीक जोमाने येते. पण नत्र धुरावाटे गेलेले असते, आणि राखेतले उरलेसुरले पुढचा पाऊस नेतो. तरीही वनजमीन वळती करताना, १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालच्या शिरस्त्याप्रमाणे, अन्यत्र रोपे लावून भरपाई झाली असे मानले जाते. त्या पंचनाम्यात झाडांची संख्या असते, घेर असतो; बुरशीला रकाना नसतो. तोडलेल्या रानाची भरपाई उघड्या माळावर खड्डे मोजून होते, हे मला तरी मान्य नाही.

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत फाल्गुनात कडुनिंबाचा पाचोळा झाडून कोपऱ्यावर पेटवतात. यंदा मी भांडून त्यातली दोन पोती सोडवून आणली, अंगणातल्या खड्ड्यात ओतली आणि विसरलो. श्रावणात उकरून पाहिले, तर वरची पाने अजून पानेच होती. वीतभर खाली मात्र देठन् देठ पांढऱ्या तंतूंत गुरफटलेला, आणि शेजारच्या पेरूची कोवळी मुळे, कोणी बोलावले नसता, तिथवर येऊन पोहोचलेली.

— क्षेत्रपाल, उस्मानपुरा