पाहुणा पैसे देऊन येतो तेव्हा

भाईंदरच्या पश्चिमेला खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये धारावी बेट आहे. मुंबईच्या झोपडपट्टीची धारावी वेगळी. ही चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतली धारावी. उत्तन, गोराई, डोंगरी ही इथली गावे. डोंगरी आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडते. शनिवार-रविवारी मुंबईकर मोकळ्या हवेसाठी या बेटावर येतात आणि खोली भाड्याने मागतात. डोंगरीत एका परिचिताकडे मुक्काम होता. त्याने वडिलार्जित घराच्या मागच्या दोन खोल्या अशा पाहुण्यांना द्यायला सुरुवात करून तीन वर्षे झाली होती. "विमा आहे ना, मग चिंता कसली?" असे म्हणून त्याने बँकेच्या कर्जाबरोबर काढलेला कागद पुढे टाकला.

मी शिकलो शेतकी, वकिली नव्हे. पण पीकविम्याची पत्रके वाचता वाचता बारीक अक्षराची सवय लागली आहे. तो कागद 'भारत गृह रक्षा' पॉलिसीचा होता. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली ही घराची पॉलिसी. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर सगळे त्यात येते आणि हप्ताही जड नाही. घरात मालक, त्याचे कुटुंब किंवा भाडेकरू राहत असेल तर चालते. पण त्यातच स्पष्ट म्हटले आहे की घराचा वापर हॉलिडे होम म्हणून किंवा लॉजिंग-बोर्डिंगसाठी होत असेल तर भरपाई मिळणार नाही. म्हणजे आमचे परिचित तीन वर्षे हप्ता भरत होते आणि ज्या दिवशी पहिला पाहुणा पैसे देऊन झोपला, त्या दिवसापासून विमा कंपनीच्या हाती नकाराचे कारण आयते पडले होते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून गेले, हे त्यांना आठवले तेव्हा ते गप्प झाले.

कापूस-ज्वारीवाल्यांना हे समुद्रकाठचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. ताडोब्याच्या भोवती, लोणारला, चिखलदऱ्याला आपलीच माणसे खोल्या देऊ लागली आहेत. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले, तेव्हापासून शेतात दोन खोल्या बांधण्याचा विचार पुष्कळांच्या मनात आहे. विचार वाईट नाही. पावसावर न टांगलेले चार पैसे घरात येत असतील तर कोरडवाहूवाल्याने ते का सोडावेत? पण त्या खोल्यांत घातलेले भांडवल बहुधा कर्जाचे असते, आणि ते जळाले तर सातबारावरचा बोजा जळत नाही.

विमा म्हटले की आपल्याला पीकविमा आठवतो. तिथे तुमचे वावर कोणी पाहत नाही. मंडळाच्या पीककापणीची सरासरी पाहतात. खरीप २०२३ चा एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि कापसाला पुन्हा ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला, तरी मोजण्याची रीत सरासरीचीच राहिली. घराच्या विम्यात मात्र तुमचेच नुकसान मोजतात. म्हणून तुम्ही अर्जात काय लिहिले, यावर सगळे ठरते. तिथे 'राहते घर' लिहिले आणि दारावर 'होम स्टे'ची पाटी असली, तर सर्वेअर आधी पाटीचा फोटो काढील.

मग घ्यायचे काय? धंद्याच्या जागेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू पडते. रक्कम लिहिताना जमिनीचा भाव धरू नका. डोंगरीत जमिनीला सोन्याचा भाव असला तरी जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधायला काय लागेल तेवढीच रक्कम धरायची. पण हप्ता वाचवायला ती कमीही लिहू नका. बांधायला २० लाख लागतात आणि विमा १० लाखांचा आहे, अशा वेळी ४ लाखांचे नुकसान झाले तर हाती २ लाखच पडतात. १५ टक्क्यांपर्यंतची तूट या पॉलिसीत माफ आहे, त्यापुढची नाही.

चोरीचे गणित निराळेच. घरफोडीच्या विम्याला कुलूप तोडल्याची, जबरदस्तीने शिरल्याची खूण लागते. तुम्हीच किल्ली दिलेला पाहुणा टीव्ही घेऊन गेला तर ती घरफोडी ठरत नाही. त्यासाठी अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत हाच आपला विमा.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती विहिरीची. आपल्या पोरांना कठडा नसलेली विहीर ठाऊक असते, शहरातल्या पोराला नसते. बैलगाडीची हौस असते, बैल बुजेल हे माहीत नसते. उद्या कोणाचे पोर गेले आणि कोर्टाने भरपाई ठरवली, तर आगीचा विमा दमडी देणार नाही. त्याला पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते. तिच्यात दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा, दोन्ही पाहा. विहीर, शेततळे, बैलगाडी यांची नावे अर्जात स्वतः लिहा. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा भोपाळनंतर घातक रसायनांसाठी झाला. त्या नावाची पॉलिसी कोणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. खोल्या झाडणाऱ्या बाईला इजा झाली तर तीही यात येत नाही, मजुरांचा विमा वेगळा.

एअरबीएनबीसारख्या कंपन्या मालकाला स्वतःचे कवच देतात. ते त्यांच्यामार्फत आलेल्या पाहुण्यापुरते. फोनवरून ठरवून आलेल्याला ते लागू नाही, आणि पाहुण्याने केलेल्या नासधुशीची जी हमी असते तिच्यात वादळ-पूर येत नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. पण त्याच्यापुढे तोंडी शब्द टिकत नाही.

डोंगरीच्या परिचिताने माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. "तसे काही लिहायची गरज नसते," असे उत्तर आले. त्याला म्हटले, हेच वाक्य त्यांच्याकडून सहीनिशी मागव. त्याने दुसऱ्या दिवशी पत्र टाकले. उत्तर येईपर्यंत दोन्ही खोल्यांना कुलूप लावले आहे.