कुस्कोचा सराव

पेरू देशातल्या कुस्को शहरी जायचे आणि मग डोंगरवाटेने माचू पिच्चूपर्यंत पायी, असा बेत पुण्याच्या भाच्याने आखला आणि त्यात मामालाही ओढले. चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाला मोह आवरेना. दसऱ्याला जळकोटला घरी गेलो तो नकाशा आणि नवे बूट घेऊनच.

आईला सारे समजावले. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंच. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी वर उरेल. हवा विरळ, म्हणून आधी दोन दिवस स्वस्थ बसायचे. मग ४ दिवसांत सुमारे ४३ किलोमीटर.

"देव कोणता रे तिथला?"

"सूर्य. इंका लोकांनी त्याचं मोठं मंदिर बांधलं होतं."

"मग जा. पण आपली तुळजापूरची वाट कधी चाललास का?"

मी गप्प. वर्षानुवर्षे ती कोजागिरीला नळदुर्गावरून अनवाणी चालत गेली. मी मागून एस.टी.ने. यंदा तिचे गुडघे चालेनात.

तिची खणानारळाची ओटी पिशवीत घालून मीच निघालो. नळदुर्ग यायच्या आतच टाच सोलली, दम लागला. कर्नाटकातून आलेली एक आजी म्हणाली, "घाई नको बाबा. दमानं चाल." भाच्याच्या टिपणातही याहून वेगळे काही नव्हते!

परतल्यावर आईपुढे देवीचे कुंकू ठेवले. तिने आधी माझ्या टाचेला हळद लावली आणि मग विचारले,

"त्या कुस्कोला केव्हा निघतोस?"